दारू सोडली, तरी अंगठा का ठणकतो?

वाचकांचे प्रश्न : गाऊट आणि मद्यपान

गेल्या अंकात युरिक अॅसिडच्या तपासणीविषयी लिहिताना मी एक वाक्य लिहिले होते : जो नियमित दारू घेतो, त्याच्या गाऊटचा (युरिक अॅसिडचे स्फटिक सांध्यांत बसून होणाऱ्या दुखण्याचा) विचार त्याच्या दारूला वगळून करता येत नाही. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. काही रागावलेली होती, काही हताश होती. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ५३. सिन्नरजवळच्या एका कारखान्यात पर्यवेक्षक आहे. सहा वर्षांपासून गाऊट आहे. आठवड्यातून तीन-चार वेळा एक क्वार्टर व्हिस्की हा माझा पंधरा वर्षांचा नेम होता. श्रावण तेवढा पाळत असे. गेल्या वर्षी गटारीला मित्रांबरोबर बसलो आणि पहाटे तीन वाजता उजव्या पायाचा अंगठा असा पेटला की, अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सहन होईना. त्या दिवसापासून दारू सोडली. आज अकरा महिने झाले, थेंबही घेतलेला नाही. तरीही चौथ्या महिन्यात अंगठ्यात आणि आता महिन्यापूर्वी घोट्यात पुन्हा झटका आला. युरिक अॅसिड पूर्वी ९.६ होते, गेल्या आठवड्यात ८.४ आले. मित्र विचारतात, ‘सोडून काय मिळवलेस?’ घरात डाळ, पालक, मटकी सगळे बंद केले आहे. दुखले की जवळच्या दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेतो. रोजच्या गोळीची भीती वाटते, कारण ती जन्मभर घ्यावी लागते असे ऐकले आहे. मग दारू सोडल्याचा उपयोग काय? आणि येत्या गटारीला एखादा पेग घेतला तर चालेल का?

उत्तर : पंधरा वर्षांचा नेम आपण मोडला आणि अकरा महिने तो शब्द पाळला, याबद्दल आपले मनापासून अभिनंदन करतो. दारू सोडण्याचा आपल्याला फायदा झालेला आहे, आणि तो आपल्याच पत्रातल्या आकड्यांत दिसतो आहे. परंतु दारू सोडणे हा गाऊटचा संपूर्ण उपचार नव्हे, ही गोष्ट आपल्याला कोणी वेळेवर सांगितली नाही. आपली निराशा तेथून आलेली आहे, असे मला वाटते.

गाऊटमध्ये सांध्यात नेमके काय घडते, हे आधी पाहू. खडीसाखर कशी तयार होते, हे आपल्याला ठाऊक असेल. साखरेचा दाट पाक करून त्यात दोरा सोडून ठेवला की, पाकात न मावणारी साखर हळूहळू त्या दोऱ्यावर खड्यांच्या रूपाने बसते. रक्तातील युरिक अॅसिडचेही असेच आहे. साधारणपणे ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या पातळीपर्यंत ते विरघळलेले राहते. त्यापुढे त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत आणि भोवतालच्या ऊतींत बसू लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनचे डॉक्टर आल्फ्रेड गॅरॉड यांनी गाऊटच्या रुग्णाच्या रक्तद्रवात थोडे अॅसिटिक आम्ल घालून त्यात खरोखरच एक दोरा सोडून ठेवला होता, आणि त्या दोऱ्यावर युरिक अॅसिडचे स्फटिक जमले होते. शरीराचा जो भाग थंड, तेथे हे स्फटिक अधिक सहज जमतात, आणि पायाचा अंगठा हृदयापासून सर्वांत दूर आणि बहुधा सर्वांत थंड असतो. स्फटिक कित्येक वर्षे गुपचूप बसून राहू शकतात. मात्र काही कारणाने ते सुटे झाले की, शरीराच्या संरक्षक पेशी त्यांच्यावर तुटून पडतात आणि आपण अनुभवलेला तो पहाटेचा वणवा पेटतो.

आता दारूचा भाग. दारूमुळे युरिक अॅसिड वाढण्याचे मार्ग एकापेक्षा अधिक आहेत. यकृत अल्कोहोलचा निचरा करत असताना पेशींमधील ऊर्जेचे साठे झपाट्याने खर्च होतात आणि त्या खर्चातून जे उरते, त्याचे शेवटी युरिक अॅसिड होते. त्याच वेळी रक्तात लॅक्टिक आम्ल वाढते आणि त्याच्या प्रभावाने मूत्रपिंड युरिक अॅसिड लघवीवाटे सोडण्याऐवजी परत रक्तात घेते. म्हणजे उत्पादन वाढते आणि निचरा तुंबतो, हे दोन्ही एकाच रात्री घडते. त्यात दारूने लघवी जास्त होऊन शरीरातले पाणी कमी होते आणि सोबतच्या चकण्यात कलेजी, सुकट किंवा मटण असले तर प्युरिनची, म्हणजे ज्यापासून शरीरात युरिक अॅसिड बनते त्या घटकाचीही भर पडते. गटारीच्या रात्री यांतले बहुतेक सगळे एकत्र येते, म्हणून त्या पहाटे आपल्याला जे झाले त्याचे मला आश्चर्य वाटत नाही.

किती दारूने किती धोका वाढतो, याचा एक मोठा अभ्यास २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्या, आधी गाऊट नसलेल्या ४७,१५० पुरुषांची बारा वर्षे नोंद ठेवली गेली आणि त्या काळात ७३० जणांना नव्याने गाऊट झाला. मुळीच न पिणाऱ्यांच्या तुलनेत, दिवसाला सरासरी ३० ते ५० ग्रॅम अल्कोहोल घेणाऱ्यांचा धोका जवळजवळ दुप्पट, तर ५० ग्रॅम किंवा त्याहून अधिक घेणाऱ्यांचा अडीचपट आढळला. ग्रॅमचा हिशेब आपल्याकडे कोणी करत नाही, म्हणून तो करून देतो. आपल्याकडच्या व्हिस्कीत सहसा ४२.८ टक्के अल्कोहोल असते. त्यामुळे ६० मिलिलिटरच्या लार्ज पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम आणि १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल भरते. आठवड्याला साडेतीन क्वार्टर धरल्या तर आपली रोजची सरासरी ३० ग्रॅम येते. आपण स्वतःला ‘रोज न पिणारा’ समजत असाल आणि तो समज खराही आहे, परंतु सांध्यांच्या दृष्टीने आपण दुप्पट धोक्याच्या गटात होता.

मग सोडल्यावरही झटके का आले? याचे उत्तर खडीसाखरेतच आहे. पाकात नवीन साखर घालणे थांबवले म्हणून दोऱ्यावर बसलेले खडे विरघळत नाहीत. ते विरघळायला पाक पुरेसा पातळ व्हावा लागतो. आपले युरिक अॅसिड ९.६ वरून ८.४ वर आले, म्हणजे भर घालण्याचा वेग कमी झाला. पण ८.४ हा आकडा ६.८ च्या वरच आहे, त्यामुळे सहा वर्षांत साठलेले स्फटिक जागच्या जागी आहेत आणि थोडे नवेही बसत असणार. बहुतेक रुग्णांमध्ये युरिक अॅसिड वाढण्याचे मुख्य कारण त्यांचे मूत्रपिंड ते पुरेसे बाहेर टाकत नाही हे असते, आणि हा गुण मोठ्या प्रमाणावर आनुवंशिक असतो. इतर बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात युरिक अॅसिडचे विघटन करणारे एक विकर (एन्झाइम) असते, ते माणसाजवळ उरलेले नाही. याचा अर्थ असा की, दारू हे आपल्या गाऊटचे एक कारण होते, एकमेव कारण नव्हते. जेवढा वाटा दारूचा होता तेवढा आपण स्वतःच्या निर्धाराने काढून टाकला आहे. उरलेला वाटा निर्धाराने निघणारा नाही, त्याला औषध लागते. हे औषध घ्यावे लागणे म्हणजे आपला निर्धार कमी पडणे, असे कृपया मानू नका.

ते औषध बहुतेकांसाठी अॅलोप्युरिनॉल असते. ते दिवसाला १०० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी मात्रेने सुरू करतात, मूत्रपिंड अशक्त असल्यास आणखी कमी, आणि दर काही आठवड्यांनी रक्त तपासून मात्रा वाढवत नेतात. युरिक अॅसिड ६ च्या खाली येऊन तेथेच टिकले पाहिजे, हे लक्ष्य असते. सुरुवातीच्या तीन ते सहा महिन्यांत सोबत कमी मात्रेत कोल्चिसिन हे झटका टाळणारे औषध दिले जाते, कारण युरिक अॅसिड भरभर उतरू लागले की जुने स्फटिक सुटे होतात आणि नेमका त्याच काळात झटका येऊ शकतो. अनेक रुग्ण येथेच फसतात. गोळी सुरू केली आणि दुखणे वाढले, म्हणून गोळी बंद करतात. झटका आला तरी ही गोळी चालूच ठेवायची असते आणि झटक्यावर वेगळे औषध घ्यायचे असते. एका बाबतीत मात्र वाट पाहायची नाही : गोळी सुरू केल्यानंतर अंगावर पुरळ उठले, तोंड आले किंवा ताप आला, तर गोळी ताबडतोब बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ही प्रतिक्रिया क्वचित होते, परंतु झाली तर गंभीर असते. गोळी दीर्घकाळ घ्यावी लागते हे आपण ऐकले ते खरे आहे. रक्तदाबाची गोळीही तशीच घ्यावी लागते. पण काही वर्षे पातळी ६ च्या खाली राहिली की साठलेले स्फटिक विरघळतात आणि झटके थांबतात, ही या रोगातली फार मोठी दिलाशाची बाब आहे. सांध्यांच्या फार थोड्या दुखण्यांविषयी असे म्हणता येते.

दुखल्यावर जे इंजेक्शन आपण घेता, त्याचे नाव पुढच्या वेळी विचारून लिहून ठेवा. ते बहुधा वेदनाशामक किंवा स्टेरॉइड असावे. त्याने आग विझते, पण स्फटिकांना काहीही होत नाही, आणि वेदनाशामके वारंवार घेतल्यास मूत्रपिंडाला इजा होऊन युरिक अॅसिडचा निचरा आणखी बिघडू शकतो. शिवाय झटक्याच्या ऐन वेळी केलेल्या तपासणीत युरिक अॅसिड कमी किंवा अगदी सामान्यही दिसू शकते; म्हणून झटका शमल्यावर दोन ते चार आठवड्यांनी तपासणी करावी. आपला ८.४ हा आकडा त्या दृष्टीने विश्वासार्ह आहे.

डाळ, पालक आणि मटकी घरात परत आणा. आपल्याकडे युरिक अॅसिड वाढले की सर्वांत आधी वरणावर गदा येते, आणि शाकाहारी घरांतली माणसे त्यामुळे विनाकारण कुपोषित होतात, हे मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. वनस्पतींतील प्युरिनमुळे गाऊटचा धोका वाढत असल्याचे मोठ्या अभ्यासांत दिसलेले नाही. तो वाढतो मांसाने, विशेषतः कलेजी-गुर्द्यासारख्या अवयवांनी, आणि काही मासळीने. दूध आणि ताक मात्र पथ्यकर ठरतात. दारू सोडलेली बरीच माणसे संध्याकाळी हातात काहीतरी हवे म्हणून गोड शीतपेयाची बाटली धरतात, तेही टाळावे. त्यातील फ्रुक्टोजचे विघटन होताना युरिक अॅसिड वाढते, आणि दिवसाला दोन किंवा अधिक शीतपेये पिणाऱ्या पुरुषांमध्ये गाऊटचा धोका ८५ टक्क्यांनी अधिक असल्याचे आढळले आहे. श्रावणात कडक उपवास करण्याचा विचार असेल तर तोही या वर्षी सौम्य ठेवा, कारण दीर्घ उपाशी राहण्यानेही युरिक अॅसिड चढते.

राहिला गटारीचा पेग. गाऊट असलेल्या ७२४ रुग्णांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक रुग्णाच्या झटक्याच्या आधीच्या चोवीस तासांची तुलना त्याच रुग्णाच्या झटका नसलेल्या काळाशी केली होती. त्या चोवीस तासांत एका पेयाहून अधिक, पण दोनच्या आतच मद्य घेतले असतानाही झटक्याची शक्यता ३६ टक्क्यांनी वाढलेली आढळली. हे पेयही परदेशी मापाचे, म्हणजे साधारण १४ ग्रॅम अल्कोहोलचे. आपला लार्ज पेग त्याहून मोठा. खरे सांगायचे तर, युरिक अॅसिड बराच काळ ६ च्या खाली राहिलेल्या रुग्णाला अधूनमधून थोडी दारू घेण्यास सगळेच डॉक्टर मनाई करत नाहीत. मर्यादित ठेवा, एवढेच सांगतात. पण आपण आज त्या स्थितीत नाही. आपल्या सांध्यांत स्फटिक आहेत, औषध अजून सुरू व्हायचे आहे, आणि ज्यांच्यासोबत तो पेग घ्यायचा ते मित्र एका पेगवर थांबणारे आहेत की नाहीत, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. म्हणून माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मित्रांना सांगा की, सोडल्यामुळे युरिक अॅसिड एकाहून अधिक अंशाने उतरले, आणि आता उरलेले औषधाने उतरवायचे आहे.

प्रश्न : माझे पती ४७ वर्षांचे आहेत. आम्ही कोल्हापूर जिल्ह्यात राहतो. त्यांच्या हाताच्या बोटांवर आणि कोपरावर गाऊटच्या पांढरट गाठी आल्या आहेत. दारू रोजची आहे. सकाळी उठल्यावर हात थरथरतात, म्हणून उताऱ्यापुरती घेतात आणि मग दिवसभर थोडी थोडी चालू राहते. डॉक्टर म्हणतात, आधी दारू बंद करा, मग गाऊटचे औषध देऊ. मी दोन गोष्टी ठरवल्या आहेत. एक, भाऊ-दिरांच्या मदतीने त्यांना आठ दिवस घरातच ठेवायचे आणि दारू मिळू द्यायची नाही. दुसरी, जाहिरातीत दाखवतात ती ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवणारी’ पावडर जेवणातून द्यायची. यातले काय करू?

उत्तर : ताई, दोन्ही करू नका. हे मी जितक्या कळकळीने सांगता येईल तितक्या कळकळीने सांगतो.

सकाळी हात थरथरणे आणि उताऱ्याने ते थांबणे, याचा अर्थ शरीर दारूवर अवलंबून झाले आहे. अशा माणसाची दारू घरात कोंडून अचानक बंद केली तर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, उलट्या, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होऊन नसलेल्या गोष्टी दिसू लागतात, ताप चढतो, भान जाते. या शेवटच्या अवस्थेत उपचार न मिळाल्यास मृत्यूही होतो. रुग्णालयात मात्र हे सगळे औषधांनी सुरक्षितपणे सांभाळता येते. तेथे थरथर आणि फिट टाळणारी औषधे ठरलेल्या मात्रेत देऊन कमी करत नेतात, आणि मेंदूच्या रक्षणासाठी ‘ब-१’ जीवनसत्त्व देतात. जिल्हा रुग्णालयातील किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील मनोविकार विभागात यासाठी भरती होता येते. तेथे गेल्यावर गाऊटविषयी आवर्जून सांगा, कारण दारू थांबल्यावर युरिक अॅसिड अचानक बदलते आणि त्या पहिल्या आठवड्यातच सांधा सुजण्याची शक्यता असते. ती सूज म्हणजे ‘दारू सोडल्यामुळे झालेला त्रास’ असे पतीच्या मनाने घेतले, तर ते पुन्हा बाटलीकडे वळतील. म्हणून त्यांना हे आधीच समजावून ठेवायला हवे.

नकळत द्यायच्या पावडरीत काय असते, हे पाकिटावर अनेकदा लिहिलेलेच नसते. त्यात डायसल्फिराम असेल आणि पतींनी त्यावर दारू घेतली, तर चेहरा लाल होणे, जोराच्या उलट्या, रक्तदाब कोसळणे, हृदयाचे ठोके बिघडणे इथपर्यंत मजल जाऊ शकते. हे औषध मनोविकारतज्ज्ञही देतात, परंतु रुग्णाला सर्व सांगून, त्याच्या संमतीने आणि यकृत तपासून. शिवाय ज्या दिवशी त्यांना कळेल की आपल्या ताटात काहीतरी मिसळले जात होते, त्या दिवशी आपल्यावरचा विश्वास जाईल, आणि पुढच्या सगळ्या उपचाराला त्याच विश्वासाची गरज आहे.

‘आधी दारू बंद, मग गाऊटचे औषध’ हा आग्रह मला मान्य नाही. गाठी दिसू लागल्या आहेत, म्हणजे स्फटिकांचा साठा मोठा आहे आणि सांधे झिजत आहेत. युरिक अॅसिड कमी करणारे औषध दारू पूर्ण सुटेपर्यंत अडवून धरण्याचे कारण नाही. यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या करून ते सुरू करता येते. गाठी असलेल्या रुग्णात तर पातळी ५ च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न करतात, म्हणजे त्या लवकर विरघळतात. दारू चालू असेपर्यंत गोळ्या चुकतात, पोटात वेदनाशामक आणि दारू एकत्र पडून रक्तस्राव होऊ शकतो, या अडचणी खऱ्या आहेत. पण त्या उपचार जपून करण्याची कारणे आहेत, नाकारण्याची नव्हेत. शक्य असल्यास संधिवाततज्ज्ञांचे मत घ्या.

पतींशी बोलण्यासाठी ते शुद्धीवर आणि दुखण्याने कण्हत नसतील अशी वेळ निवडा. बोटे वाकत नाहीत याचे दुःख त्यांनाही असणारच, तेथून बोलणे सुरू करा. दारूपासून सुरू केले तर बोलणे तेथेच संपते. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ साली सुरू झालेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या बैठका महाराष्ट्रात अनेक गावांत मराठीतून आणि विनामूल्य होतात. दारूपायी होरपळलेल्या कुटुंबीयांसाठी अल-अॅनॉनच्या बैठका असतात, तेथे आपण पतींच्या आधीही जाऊ शकता. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ या क्रमांकांची मदतवाहिनी विनामूल्य आहे. उपचारानंतर एखादे वेळी पुन्हा प्यायले गेले, ज्याला व्यसनमुक्ती केंद्रांत ‘स्लिप’ म्हणतात, तर सगळे वाया गेले असे मानू नका. त्या दिवशीही गाऊटची गोळी चुकवायची नाही, आणि पुन्हा उपचाराकडे जायचे.

प्रश्न : मी म्हापशाजवळ राहतो. गाऊटसाठी बियर सोडली. काजूची फेणी घरच्या ओळखीची, शुद्ध असते. तीही सोडावी का? वाईनने गाऊट होत नाही असेही वाचले आहे. आणि बांगडा?

उत्तर : बियर सोडली हे उत्तम, कारण तिच्यात अल्कोहोलखेरीज प्युरिनही भरपूर असते आणि आधी सांगितलेल्या २००४ च्या अभ्यासात सर्वाधिक धोका बियरचाच दिसला. रोजच्या एका बियरमागे तो सुमारे ४९ टक्क्यांनी वाढत होता, तर तीव्र मद्याच्या एका मापामागे १५ टक्क्यांनी. अल्कोहोलविरहित बियरमध्येही हे प्युरिन असतेच. ऊर्ध्वपातनात प्युरिन मागे राहते, त्यामुळे फेणीत ते नगण्य असते. परंतु फेणी कितीही शुद्ध असली तरी तिच्यातले अल्कोहोल तेच आहे, आणि यकृत-मूत्रपिंडात जो गोंधळ होतो तो अल्कोहोलमुळे होतो. हुर्राक (काजूचेच, फेणीहून सौम्य मद्य) सौम्य म्हणून मोठ्या पेल्याने घेतला तर हिशेब तेथेच येतो. वाईनचा नव्याने गाऊट होण्याशी ठळक संबंध त्या अभ्यासात दिसला नव्हता, हे आपण वाचले ते बरोबर आहे. मात्र ज्यांना गाऊट झालेलाच आहे त्यांच्यात वाईननेही झटका येतो, असे २०१४ च्या अभ्यासात आढळले. आपण या दुसऱ्या गटात आहात. बांगडा, तारले आणि तिसऱ्या (शिंपले) रोज नकोत. युरिक अॅसिड आटोक्यात आल्यावर आठवड्यातून एक-दोनदा हुमण (मासळीची आमटी) जेवायला माझी हरकत नाही. गोव्याच्या माणसाला मासळी कायमची बंद सांगितली तर तो पथ्याबरोबर औषधही सोडतो.

प्रश्न : माझे वय ६१. मी माळकरी आहे, दारूला आयुष्यात स्पर्श केलेला नाही. तरी गाऊट निघाला. शेजारपाजारी हसतात, म्हणतात हा तर पिणाऱ्यांचा रोग. सांधेदुखीसाठी एक अरिष्ट घेते. त्यात अल्कोहोल असते असे परवा बाटलीवर वाचले आणि मन धास्तावले.

उत्तर : माई, आपल्याला लाज वाटण्याजोगे यात काहीही नाही. पाळी असेपर्यंत स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक युरिक अॅसिड लघवीवाटे बाहेर टाकण्यास मदत करते. पाळी गेल्यावर ती मदत थांबते, आणि म्हणून या वयानंतर स्त्रियांमध्ये गाऊट दिसू लागतो. चरकसंहितेत वातरक्ताचा, म्हणजे गाऊटशी मिळत्याजुळत्या रोगाचा, स्वतंत्र अध्याय आहे. त्यात मद्याबरोबरच आंबट, खारट, तिखट आहार, दिवसा झोपणे अशी इतर अनेक कारणेही सांगितली आहेत. पिणाऱ्यांचाच रोग असे त्या काळीही कोणी मानत नव्हते.

आसव आणि अरिष्ट ही औषधे आंबवून करतात, त्यामुळे त्यांत अल्कोहोल आपोआप तयार होते. बाटलीवर बहुधा ५ ते १० टक्क्यांच्या घरातला आकडा असतो. दिवसाला दोन वेळा २० मिलिलिटर घेतले तर पोटात जाणारे अल्कोहोल दोन-तीन ग्रॅम भरते. ते एका लार्ज पेगच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढे आहे, आणि आपला गाऊट त्यामुळे झाला असे मी म्हणणार नाही. तरीही आपल्या व्रताचा प्रश्न आपल्या मनाचा आहे. वैद्यांना तसे स्पष्ट सांगा. काढा किंवा गोळीच्या रूपात पर्याय देता येतो. त्या औषधाच्या भरवशावर युरिक अॅसिडची तपासणी मात्र पुढे ढकलू नका.

आपल्याला रक्तदाब आहे का, हे पत्रात लिहिलेले नाही. असल्यास ती गोळी पाकिटासकट डॉक्टरांना दाखवा. हायड्रोक्लोरोथायझाइडसारखे लघवी वाढवणारे औषध युरिक अॅसिडही वाढवते, आणि ते अनेक जोडगोळ्यांत मिसळलेले असते. गोळी स्वतः बंद करू नका. डॉक्टर ती बदलून लोसार्टनसारखी दुसरी देऊ शकतात, जी रक्तदाबाबरोबर युरिक अॅसिडही थोडे उतरवते.